सोळा एप्रिलचे मानकरी

मुंबईत पहिली आगगाडी सुटायची होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी गव्हर्नरसाहेब थंड हवेला निघून गेले. लॉर्ड फॉकलंड एकटे गेले नाहीत. सरसेनापती लॉर्ड फ्रेडरिक फिट्झक्लॅरेन्स, जे नात्याने त्यांचे मेहुणेच, आणि बिशप जॉन हार्डिंग हेही डोंगराकडे रवाना झाले. कारभार, लष्कर आणि धर्म या तिन्हींच्या प्रमुखांना त्या दिवसासाठी मुंबईत थांबावेसे वाटले नाही. एप्रिलचा उकाडा असह्य होता हे मान्य. पण शाळेतल्या पोरांकडून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतली जाणारी तारीख आपण चुकवतो आहोत, हे त्यांच्या गावीही नसावे. लेडी फॉकलंड मात्र थांबल्या आणि गाडीत बसल्या. गव्हर्नर नसले तरी गव्हर्नरांचा बँड हजर होता.

तर १६ एप्रिल १८५३, शनिवार. गुढ्या उतरून, शके १७७५ सुरू होऊन आठवडाच झाला होता. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी होती. बोरीबंदरावर १४ डब्यांची गाडी उभी होती, तिच्यात ४०० पाहुणे, आणि पुढे एक सोडून तीन इंजिने: साहिब, सिंध आणि सुलतान. दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांची सलामी झडली आणि गाडी हलली. ठाण्यापर्यंतचे अंतर २१ मैल, आजच्या मापात ३४ किलोमीटर. वाटेत शीवला इंजिनांनी पाणी घेतले. ठाण्याला शामियाने उभारलेले, खाना तयार, भाषणेही तयार. मंडळी जेवली, एकमेकांच्या नावाने पेले उंचावले आणि संध्याकाळी परत मुंबईला आली. बैलांवाचून गाडी ढकलणाऱ्या साहेबाच्या अकलेचे कौतुक करणारे गाणे पुढे लोकांच्या तोंडी बसले ते बसलेच.

वर्तमानपत्राच्या ‘दिनविशेष’ सदरात या साऱ्याची एक ओळ होते. तिच्या खाली त्याच तारखेच्या आणखी तीन ओळी येतात: विमानाचा एक संशोधक विल्बर राइट याचा जन्म, चार्ली चॅप्लिनचा जन्म, चंद्राकडे निघालेले अपोलो १६. हे सदर मी आवडीने वाचतो आणि त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. तारीख समारंभाला चिकटते. काम मात्र त्या आधीच्या शेकडो बिननावाच्या दिवसांत उरकलेले असते आणि ते करणारी माणसे त्या दिवशी व्यासपीठाच्या जवळपास असतातच असे नाही. सोळा एप्रिल ही तारीख या दृष्टीने फार बोलकी आहे.

बोरीबंदरची ओळच आधी उलगडून पाहू. मुंबई सरकारच्या नोकरीतला इंजिनिअर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला गेला असताना मुंबईहून ठाण्याकडे आणि तिथून घाटांकडे रुळांचा रस्ता न्यावा ही कल्पना त्याच्या मनात आली, असे रेल्वेचे इतिहास सांगतात. व्यापाऱ्यांना ती लगेच पटली, कारण वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरायला आठवडेच्या आठवडे घेत असे, आणि वाटेत पावसाने गाठले तर तो भिजून मातीमोल होई. १८४६ मध्ये अमेरिकेतले कापसाचे पीक बुडाल्यावर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही ती पटली. मुंबईत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी १८४५ मध्येच रेल्वेसाठी संस्था उभी केली होती. मुरबाडला जन्मलेले नाना या शहराच्या जवळजवळ प्रत्येक नव्या उद्योगात असत: शाळा, कॉलेज, १८५२ ची बॉम्बे असोसिएशन. त्यांच्याच वाड्यात रेल्वे कंपनीची पहिली कचेरी थाटली होती असेही सांगतात. पहिल्या गाडीत तेही होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १ ऑगस्ट १८४९ रोजी केला आणि त्याच महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. त्यातली मेख अशी, की भागधारकांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली. नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर इथल्या रयतेच्या महसुलातून भरपाई. जमीनही फुकट. पुढे दादाभाई नौरोजींसारख्यांनी देशाच्या संपत्तीचा जो ओघ बाहेर जातो म्हणून दाखवून दिले, त्यात या हमीच्या रकमा होत्याच. तोफांच्या सलामीत ही कलमे कोणाला ऐकू येणार?

मुख्य इंजिनिअर म्हणून जेम्स बर्कली १८५० मध्ये मुंबईत उतरला तेव्हा तिशीचा होता. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवला मुहूर्ताची कुदळ पडली. काम फॅव्हिएल आणि फाउलर या ठेकेदारांकडे होते. मुंबई तेव्हा बेटांचा सांधा नुकता बुजलेली होती. शीव-कुर्ल्याकडचा पट्टा खाजणाचा आणि मिठागरांचा, भरतीला पाण्याखाली जाणारा. तिथे भराव टाकून रूळ बसवायचे होते. वर्षभरात या कामावर दहा हजारांच्या घरात मजूर होते. १८५२ च्या सुरुवातीला भायखळ्याला एक छोटे इंजिन आले. बंदरावरून ते माणसांनी ओढत आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘फॉकलंड’. गव्हर्नर समारंभाला राहिले नाहीत, पण त्यांच्या नावाचे इंजिन मात्र कामावर आधीपासून राबत होते.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला कंपनीचे संचालक आणि त्यांचे पाहुणे ठाण्यापर्यंत जाऊन परतही आले होते. म्हणजे मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिलच्या पाच महिने आधीच धावली होती. त्याआधी, डिसेंबर १८५१ मध्ये, रुरकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर माती वाहायला इंजिन धावलेले. त्याहीआधी मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहण्यासाठी रूळ टाकलेले होते. ‘पहिली’ हा मान प्रवासी गाडीचा, आणि तोही जाहीर समारंभाचा. माती-दगड आणि संचालक यांची गणती त्यात नाही.

इंजिनांची तिन्ही नावे आपल्याला पाठ आहेत, मजुराचे एकही नाही. ठाण्यापर्यंतचे काम तसे सोपे होते. खरा कस लागला भोर घाटात. १८५६ मध्ये सुरू झालेले ते काम २१ एप्रिल १८६३ ला, म्हणजे पुन्हा एका एप्रिलात, तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खुले झाले. पंधरा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, आणि १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजार माणसे कामावर. सुरुंग, दरडी, हिवताप आणि पटकीने त्यातली हजारो दगावली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मुंबईत पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका मागे दिला नाही. दोन इंजिनिअर हाताशी धरून तिने तो तडीस नेला. त्या काळात बाईच्या नावावर एवढे काम ही अजब गोष्ट होती, पण दिनविशेषात तिला एकही तारीख मिळालेली नाही. घाट खुला झाला तेव्हा बर्कलीही नव्हता. प्रकृती ढासळून तो इंग्लंडला परतला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये गेला.

बोरीबंदरच्या बॉयलरमधली वाफ नेमकी काय चीज आहे, हे ज्याने प्रथम मोजून दाखवले त्या माणसाची त्या दिवशी सव्वाशेवी जयंती होती. ठाण्याच्या शामियान्यात हे कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. जोसेफ ब्लॅक, जन्म १६ एप्रिल १७२८, फ्रान्समधले बोर्दो. बाप मूळचा बेलफास्टचा, दारूचा व्यापारी. मुलगा शिकायला ग्लासगोला आणि एडिंबरोला गेला, डॉक्टर झाला, आणि १७५४ मध्ये पदवीच्या प्रबंधातच त्याने ज्याला आपण आज कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्या वायूची ओळख जगाला करून दिली. एवढ्यावर दुसरा कोणी जन्मभर जगला असता.

ग्लासगोला प्राध्यापक असताना १७६० च्या सुमारास तो एका साध्या गोष्टीच्या मागे लागला. चुलीवरचे पाणी तापत तापत उकळीला येते, आणि मग आच तशीच असली तरी तापमापीतला पारा जागचा हलत नाही. पाणी मात्र आटत राहते. मग ती उष्णता जाते कुठे? ब्लॅकने वेळ मोजला. पाण्याला उकळी फुटायला जेवढी मिनिटे लागली त्याच्या जवळपास पाचपट मिनिटे ते सगळे वाफ होऊन जायला लागली. म्हणजे वाफेच्या पोटात प्रचंड उष्णता दडून बसलेली असते, ती पाऱ्याला दिसत नाही. यालाच पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात.

त्याच विद्यापीठात जेम्स वॅट नावाचा एक उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. न्यूकोमेनच्या वाफयंत्राचा शिकवण्यासाठी केलेला नमुना १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे दुरुस्तीला आला. यंत्र चालेना, कारण प्रत्येक फेऱ्याला त्याचे सिलिंडर तापवायचे आणि लगेच गार करायचे, यातच सगळी वाफ खर्ची पडे. वॅट चक्रावला आणि ब्लॅककडे गेला. ब्लॅकने त्याला वाफेतल्या दडलेल्या उष्णतेचा हिशेब समजावून दिला. १७६५ च्या मे महिन्यात ग्लासगोच्या मैदानावर फिरताना वॅटला युक्ती सुचली, की वाफ गार करायची ती वेगळ्या भांड्यात, सिलिंडर तापलेलेच ठेवायचे. प्रयोगांसाठी ब्लॅकने त्याला पैसेही उसने दिले. वॅटची युक्ती ब्लॅकच्या सिद्धान्तातून निघाली, असे दोघांचा मित्र जॉन रॉबिसन सांगत राहिला. वॅटने ते मान्य केले नाही. मला वॅटचे खरे वाटते. पण आपला तोटा नेमका किती, हे त्याला कळले ते ब्लॅकमुळे, आणि कारागिराला तेवढे पुरते.

ब्लॅकने हा शोध स्वतः छापलाच नाही. वर्गात वर्षानुवर्षे शिकवला, पोरांनी वह्यांत उतरवून घेतला. तो १७९९ मध्ये गेला आणि १८०३ मध्ये रॉबिसननेच त्याची व्याख्याने पुस्तकरूपाने काढली. त्यामुळे अप्रकट उष्म्याला म्हणून एक ठाम तारीख नाही. सदर लिहिणाऱ्यांची ती अडचणच आहे. आणखी एक खुलासा करायला हवा. साहिब, सिंध आणि सुलतान यांच्यात वॅटचे ते वेगळे भांडे नव्हते. धावणारी इंजिने जास्त दाबाच्या वाफेवर चालतात, आणि ती वाट रिचर्ड ट्रेव्हिथिकने घालून दिली. वॅट अशा वाफेला घाबरत असे. ट्रेव्हिथिकला या लेखात मोठी जागा मिळाली असती, पण तो तीन दिवसांनी हुकला: जन्म १३ एप्रिल १७७१.

ब्लॅकचा सोळा एप्रिलही थोडक्यात बचावलेला आहे. तो फ्रान्समध्ये जन्मला म्हणून. फ्रान्सने सुधारलेली दिनदर्शिका १५८२ मध्येच स्वीकारली होती; ब्रिटन १७५२ पर्यंत जुनीच धरून बसले आणि तोवर अकरा दिवस मागे पडले. हेच बाळ त्याच दिवशी ग्लासगोत जन्मते तर कागदोपत्री ५ एप्रिलचे झाले असते. स्कॉटलंडमधली कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ला झाली असे इतिहासात लिहितात, ती त्या जुन्या गणनेने. नव्याने धरली तर २७ एप्रिल. उलट लेनिन परदेशातून पेत्रोग्राडला परतला तो १६ एप्रिल १९१७ ला, पण त्याला घ्यायला आलेल्या गर्दीच्या लेखी त्या दिवशी ३ एप्रिल होती. आपल्याकडे तर तिथीने मोजणाऱ्याला हा दिवस कधी चैत्रात सापडेल, कधी वैशाखात. एका तारखेखाली गोळा केलेल्या गोष्टी खरोखर एकाच दिवसाच्या असतात, हा एक गोड समज आहे. चॅप्लिनने तर आणखी मजा केली आहे. १६ एप्रिल १८८९ ही त्याची जन्मतारीख सगळे धरून चालतात, पण जन्माचा सरकारी दाखला कुठे सापडलेला नाही.

विल्बर राइटच्या बाबतीत असा घोळ नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मिलव्हिल गावाजवळच्या एका शेतावर तो १६ एप्रिल १८६७ ला जन्मला. वडील मिल्टन धर्मोपदेशक, पुढे बिशप झाले. यंत्राचे हात होते ते आईला, सुझनला. घरातली खेळणी आणि मोडकी अवजारे तीच दुरुस्त करी. विल्बर अभ्यासात हुशार, त्याला येल विद्यापीठात धाडायचे ठरत होते. १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना कोणाची तरी काठी त्याच्या तोंडावर बसली. दात गेले, त्याहून वाईट म्हणजे उमेद गेली. तो घरात बसला, क्षयाने खंगत चाललेल्या आईची सेवा करू लागला, आणि वडिलांच्या कपाटातली पुस्तके एकामागून एक वाचून काढली. आई १८८९ मध्ये गेली. हा तीनेक वर्षांचा काळ चरित्रकार दोन परिच्छेदांत संपवतात. मला वाटते, विल्बर घडला तो याच काळात. पदवी नसलेला आणि कोणाच्या पदवीचा धाक न बाळगणारा असा माणूस तिथून बाहेर पडला.

पुढे धाकट्या ऑर्व्हिलबरोबर छापखाना, मग १८९२ पासून डेटनमध्ये सायकलचे दुकान. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयी जे काही छापलेले असेल ते पाठवा म्हणून कळवले. त्याच उन्हाळ्यात दुकानात एक गिऱ्हाईक ट्यूब घ्यायला आले. ट्यूबचा रिकामा लांबट खोका बोलता बोलता विल्बरच्या हातात पिळला गेला आणि त्याच्या लक्षात आले, की पंखांची टोके अशीच उलटसुलट पिळली तर विमान तोलता येईल. बाकीचे सगळे अधिक ताकदीच्या इंजिनामागे धावत होते. सायकलवाल्याला ठाऊक होते की आधी तोल, मग वेग.

किटी हॉकच्या वाळूवर १९०० आणि १९०१ मध्ये केलेली ग्लायडरे अपेक्षेच्या निम्मीही उचल देईनात. आधीच्या संशोधकांचे आकडे खरे मानून ती बांधली होती. भावांनी ते सगळे आकडे बाजूला ठेवले आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तीत पंख्याने वारा सोडला. हॅकसॉच्या पात्यांचे तुकडे आणि सायकलच्या तारा जोडून तयार केलेल्या तराजूवर त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासले. १९०१ च्या शरद ऋतूतले ते आठवडे म्हणजे विमानाचा खरा जन्म, असे माझे मत. पण त्याला तारीख कुठून देणार? इंजिन त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत करून दिले, बारा अश्वशक्तीचे. टेलरचे नावही दिनविशेषात येत नाही.

तारीख ठरली ती नाणे उडवून. १४ डिसेंबर १९०३ ला आधी कोण उडणार यासाठी भावांनी नाणेफेक केली. विल्बर जिंकला, त्याने नाक जास्त वर घेतले, आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत आले. दुरुस्तीला तीन दिवस गेले. १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिलची होती. सकाळी १० वाजून ३५ मिनिटांनी १२ सेकंद, १२० फूट. जगाने तीच तारीख धरली. त्या क्षणाचे जे प्रसिद्ध छायाचित्र आहे त्यात विल्बर आहे, पण जमिनीवर, पंखाशेजारी. त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास त्याने ५९ सेकंदांत ८५२ फूट कापले. चारही उड्डाणांत हे सर्वांत लांबचे. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोताने यंत्र उलटेपालटे होऊन मोडले.

मराठी वाचकाला इथे शिवकर बापूजी तळपदे आठवणार. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. तिच्यामागे त्या काळचा भक्कम पुरावा उभा नाही. राइटांकडे वह्या होत्या, वाऱ्याच्या नोंदी होत्या, घरी केलेली तार होती आणि किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रातल्या माणसाने काढलेले ते छायाचित्र होते. अभिमानापेक्षा वही टिकाऊ.

१६ एप्रिल १९१२ ला विल्बर ४५ वर्षांचा झाला. त्याच दिवशी पहाटे इंग्लंडमधल्या डोव्हरहून हॅरिएट क्विंबी नावाची अमेरिकन बाई ब्लेरिओ बनावटीच्या विमानातून निघाली. ती ‘लेस्लीज वीकली’ची पत्रकार. नाटकांची परीक्षणे लिहिता लिहिता उडायला शिकली आणि ऑगस्ट १९११ मध्ये अमेरिकेत वैमानिकाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री झाली. जांभळ्या साटिनचा, डोक्यावर टोपरे असलेला पोशाख तिने खास शिवून घेतला होता. बाईमाणसाला खाडी झेपायची नाही, या काळजीपोटी गुस्ताव्ह हॅमेल या वैमानिकाने सुचवले होते की तो पोशाख घालून मीच उडतो, पलीकडे उतरून गुपचूप अदलाबदल करू. तिने नकार दिला. मग त्यानेच तिला होकायंत्र कसे वाचायचे ते शिकवले. खाडीवर दाट धुके होते, समोरचे काही दिसत नव्हते. ५९ मिनिटांनी ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो इथे वाळूत उतरली. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारी पहिली स्त्री. विल्बरच्या ५९ सेकंदांपासून नऊ वर्षांच्या आत या ५९ मिनिटांपर्यंत विमान येऊन पोचले होते.

कोळ्यांनी तिला खांद्यावर उचलले, पण वर्तमानपत्रांनी उचलले नाही. आदल्याच पहाटे टायटॅनिक बुडाले होते. दीड हजार मृत्यूंच्या बातम्यांपुढे एका बाईच्या खाडीपार उड्डाणाला आतल्या पानात चार ओळी मिळाल्या. स्वतः पत्रकार असलेल्या क्विंबीला मथळ्यांचे गणित कळत नव्हते असे नाही. हवामान साथ देत नव्हते म्हणून तिला आधी निघता आले नाही, इतकेच. विल्बर त्यानंतर सहा आठवड्यांत विषमज्वराने गेला, ३० मे रोजी. स्मिथसोनियनला पत्र लिहिले त्याला बरोबर तेरा वर्षे झाली होती. १ जुलैला बॉस्टनजवळच्या एका विमानमेळ्यात क्विंबीचे विमान अचानक नाकावर झुकले. ती आणि तिच्यासोबतचा प्रवासी, दोघेही बाहेर फेकले जाऊन उथळ पाण्यात पडले. त्या काळी विमानात पट्टे बांधायची पद्धत रुळली नव्हती.

या तारखेची एक नोंद मुंबईकराने वाचली तर अंगावर काटा येईल. १६ एप्रिल १९४७, टेक्सास सिटीचे बंदर. ‘ग्रँडकँप’ या फ्रेंच जहाजावर सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट लादलेले होते, युरोपातल्या शेतांसाठी खत म्हणून. सकाळी आठच्या सुमारास तळघरातून धूर निघू लागला. पाणी मारले तर माल भिजेल म्हणून कप्तानाने झाकणे बंद करून आत वाफ सोडायचा हुकूम दिला. दुसऱ्या कुठल्या मालाला लागलेली आग त्याने कोंडून विझली असती. अमोनियम नायट्रेटला मात्र जळायला बाहेरची हवा लागत नाही, आणि वाफेने ते आणखी तापले. ब्लॅकने दाखवून दिलेली वाफेच्या पोटातली उष्णता तिथे मालाला मिळत गेली. नारिंगी धूर पाहायला धक्क्यावर गर्दी जमली. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटले. किमान ५८१ माणसे मेली. गावाच्या अग्निशमन दलातले जवळजवळ सगळे जवान त्यात होते. ६३ मृतांची ओळख पटली नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ फुटले ते १४ एप्रिल १९४४ ला, म्हणजे त्याच्या तीन वर्षे आणि दोन दिवस आधी. तिथेही जहाजात न शोभणारा माल एकत्र भरलेला, कापूस आणि स्फोटके. तिथेही पहिल्या दोन तासांत काय करायचे हे ठरवता आले नाही. युद्ध चालू होते म्हणून मुंबईची बातमी दाबून ठेवली गेली. ती मोकळेपणी जगभर गेली असती तर टेक्सासच्या धक्क्यावरची ती गर्दी मागे सरली असती का, हा प्रश्न मनात येतोच.

राहता राहिले अपोलो १६. १६ एप्रिल १९७२ ला ते फ्लोरिडाहून निघाले: जॉन यंग, चार्ल्स ड्यूक आणि केन मॅटिंग्ली. यंग आणि ड्यूक चंद्रावर उतरले, तिथे मोटार चालवली आणि सुमारे ९६ किलो दगडमाती घेऊन आले. मॅटिंग्ली वर एकटा चंद्राभोवती फिरत राहिला. दोन वर्षांपूर्वी अपोलो १३ वर त्याचीच नेमणूक होती. पण ड्यूकला जर्मन गोवर झाला, त्याची लागण मॅटिंग्लीला होईल म्हणून डॉक्टरांनी उड्डाणाच्या तीन दिवस आधी त्याला उतरवले. गोवर त्याला झालाच नाही, आणि त्याच्या जागी गेलेला माणूस दोघा सोबत्यांसह अर्ध्या वाटेवरच्या स्फोटातून कसाबसा परतला. अपोलो १६ वर मात्र गोवर देणारा आणि न घेणारा, दोघेही बरोबर होते. हे यान आधी १७ मार्चला सुटायचे ठरले होते. अंतराळपोशाखात दुरुस्ती करावी लागली, चांद्रयानाच्या बॅटऱ्यांनी आणि यानांचे जोड सोडवणाऱ्या यंत्रणेने त्रास दिला, मधेच ड्यूकला न्यूमोनिया झाला. म्हणून उड्डाण महिनाभर पुढे गेले आणि सोळा एप्रिलला आले.